लॉस्ट माइन ऑफ फॅन्डेल्वर: एक खोका, सहा फासे आणि माझीच एक कॉमेंट

आधी कबुली, मग परीक्षण.

दोन वर्षांपूर्वी मी डंजन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे पात्रं घेऊन फासे टाकत गोष्ट खेळायच्या खेळाचा, एक लाइव्ह डाव बघत होते. त्यात एका अभिनेत्रीची खेळायची पाळी आली आणि ती समोरचे कागद उलटसुलट करत बसली. कुठला मंत्र, किती अंतरावर चालतो, फासा कुठला टाकायचा, काही सापडेना. पंचवीस-तीस सेकंद गेले असतील. तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिच्या चाहत्यांच्या एका मोठ्या गटात मी होते. तिथे मी लिहिलं, "इतके महिने खेळतेय आणि बाईंना अजून स्वतःचे मंत्र माहीत नाहीत. कॅमेऱ्यासाठी बसवलंय नुसतं." चारशेच्या वर लोकांना ते आवडलं. मी दोन दिवस खुशीत होते.

मी दिवसभर लोकांचे हिशेब तपासते. दुसऱ्याची चूक पकडणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, आणि घरी आल्यावर ती नजर काही चपलांबरोबर दाराबाहेर राहत नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्सचे नियम मला त्या वेळी तोंडपाठ होते असं माझं मत होतं. खेळले मात्र एकदाही नव्हते.

ऑफिसातला एक मुलगा त्याच गटात होता. त्याने काही दिवसांनी माझ्या टेबलावर हा खोका आणून ठेवला आणि म्हणाला, "ताई, एवढ्या चुका काढता, तर एकदा चालवूनच बघा. मी येतो खेळायला." खोका त्याचा जुना. वरचं प्लॅस्टिक फाटलेलं, फाशांची पुडी मात्र अजून न फोडलेली. म्हणजे त्यानेही कधी खेळला नव्हता. हे त्याला बोलून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "चालवायला कोणी मिळालंच नाही." या खेळाची खरी अडचण ही एवढीच आहे, हे मला पुढे कळलं.

तर खोक्याविषयी. हा २०१४ चा स्टार्टर सेट, म्हणजे नवख्यांसाठीचा खोका, खेळाच्या पाचव्या आवृत्तीचा पहिला. खोका बघून वाटतं आत बरंच काही असेल. उघडल्यावर दोन पातळ कव्हरची पुस्तकं, पाच तयार पात्रांचे कागद आणि सहा फासे निघतात, बाकी हवा. एक पुस्तक नियमांचं, ३२ पानी. दुसरं 'लॉस्ट माइन ऑफ फॅन्डेल्वर' या साहसाचं, ६४ पानी, ते फक्त डंजन मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, वाचायचं. फासे चार, सहा, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचे, प्रत्येकी एकच. हा "प्रत्येकी एकच" लक्षात ठेवा, त्यावर पुन्हा येते.

पात्रं पाच: दोन माणूस जातीचे लढवय्ये (एक खानदानी, एक गावचा धनुर्धारी), एक बुटका (म्हणजे ड्वार्फ जातीचा) पुरोहित, एक हाफलिंग (छोट्या माणसांच्या जातीचा) चोर आणि एक एल्फ जादूगार. कागदांवर नाव आणि लिंग रिकामं सोडलंय, ते खेळणाऱ्याने भरायचं. हे मला फार आवडलं. पात्र स्वतः कसं घडवायचं याचे नियम मात्र खोक्यात नाहीत. त्यासाठी कंपनीचे बेसिक रूल्स नेटवरून उतरवून घ्यावे लागतात, ते फुकट आहेत. पाचव्या पातळीपर्यंत हा खोका पुरतो, पुढे नाही.

माझ्या टेबलावर चौघं बसले. नवरा धनुर्धारी झाला, बहीण पुरोहित, पंधरा वर्षांचा भाचा चोर आणि ऑफिसातला तो मुलगा जादूगार. डंजन मास्टर मी.

सुरुवात सोपी आहे. नेव्हरविंटर शहरातून फॅन्डालिन नावाच्या गावी सामानाची गाडी पोचवायची. गाडीला दोन बैल. हे वाचून दाखवलं आणि नवऱ्याने पहिली दहा मिनिटं त्या बैलांना नावं ठेवण्यात घालवली. तो प्रेमाने नावं ठेवत होता. मला दुसऱ्या प्रकारे ठेवायची सवय. मी मनात म्हटलं, एवढ्यात याचं प्रक्षेपण चालू असतं तर खाली मीच लिहिलं असतं, "पुढे सरका, झोपा येतायत."

गाडीचं काम देऊन स्वतः पुढे गेलेला गुंड्रेन हा बुटका आहे, आणि पुरोहिताच्या कागदावर लिहिलंय की तो आणि त्याचे भाऊ पुरोहिताचे 'कझिन'. बहिणीने विचारलं, "चुलत की मावस?" पुस्तकात अर्थातच उत्तर नाही. इंग्रजीत एका शब्दात भागतं, आपलं भागत नाही. मी म्हटलं मावस. त्यावर तिने ताबडतोब ठरवलं की तिची आई आणि गुंड्रेनची आई यांचं वीस वर्षं पटत नव्हतं, आणि आता याला गावी जाऊन गाठला तर घर परत जुळेल. कागदावर यातलं एक अक्षर नव्हतं. एका नात्याच्या शब्दावरून तिने पात्र उभं केलं आणि मी नुसती बघत राहिले, कारण पुढचं पान मी वाचलं होतं, पण या आईचं काय करायचं हे त्यात नव्हतं.

रस्त्यात दोन मेलेले घोडे, पुढे गेलेल्या गुंड्रेनच्या मंडळींचे. झुडपांत चार गॉब्लिन, म्हणजे छोटे राक्षस. इथे खरा खेळ सुरू होतो, आणि या खोक्याचा पहिला दोषही इथेच दिसतो: पहिलीच चकमक पहिल्या पातळीच्या पात्रांना जड जाते. गॉब्लिन दिसायला किरकोळ, प्रत्येकाचे हिट पॉइंट (किती मार झेपतो तो आकडा) सात, पण बाण नेमका लागला तर नवखं पात्र दोन फटक्यांत आडवं. शिवाय त्यांची सगळी आकडेवारी पुस्तकाच्या शेवटी आहे आणि प्रसंग सुरुवातीच्या पानांवर. एक बोट इथे, एक बोट तिथे, तिसऱ्या हाताने फासा. मी त्या अभिनेत्रीसारखीच पानं उलटत होते. घड्याळ लावलं नव्हतं, पण तीस सेकंदांहून नक्कीच जास्त.

जादूगाराची पाळी आली. त्याने आठवडाभर वाट बघून ठरवलेलं होतं. "स्लीप," तो म्हणाला. हा मंत्र असा: आठ बाजूंचे पाच फासे टाकायचे, जी बेरीज येईल तेवढ्या हिट पॉइंटचे प्राणी झोपतात, सगळ्यांत अशक्त आधी. खोक्यात आठ बाजूंचा फासा एकच, म्हणून तोच पाच वेळा टाकायचा. सहा, तीन, आठ, दोन, पाच. चोवीस. भाच्याने बेरीज मोठ्याने केली. चोवीसात सातचे तीन गॉब्लिन आरामात बसतात. मुलाच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून दिसतं.

आणि मी म्हणाले, "थांबा, त्यांना फासा टाकून मंत्रातून वाचायची संधी मिळते." गॉब्लिनांच्या नावाने वीसचा फासा टाकला. दोघं वाचले, एकच झोपला. मुलगा "हो का? बरं," म्हणाला आणि कागदावर खूण करून मंत्र खर्ची टाकला.

त्या वाचलेल्या दोघांनी बहिणीला पाडलं. शून्य हिट पॉइंट. आता दर पाळीला वीसचा फासा: दहा किंवा वर आलं तर एक यश, खाली आलं तर एक अपयश, तीन अपयशं झाली की पात्र मेलं. तिने टाकला, चार. पुढच्या फेरीत नऊ. टेबलावर कोणी बोलेना. भाचा खुर्चीवर गुडघे टेकून उभा. तिसऱ्या वेळी चौदा आला, आणि तेवढ्यात नवरा धनुष्य टाकून धावला आणि रक्त थांबवायचा प्रयत्न केला. दहा लागत होते, अकरा आले. वाचली. बहीण म्हणाली, "मावशीला आता कोण सांगणार होतं," आणि आम्ही इतके हसलो की पुढची पाळी कोणाची हेच विसरलो.

रात्री सगळे गेल्यावर मी सहज नियमांचं पुस्तक उघडलं. स्लीप मंत्राला वाचायची संधी नसते. मुळीच नाही. एक वाक्य नाही तिथे. तीन गॉब्लिन झोपायला हवे होते आणि बहीण पडायलाच नको होती. ज्याने मला खोका दिला त्याचा एकुलता एक मोठा क्षण मी, नियम तोंडपाठ असलेल्या बाईने, खाल्ला. (गंमत म्हणजे २०२४ च्या सुधारित नियमांत स्लीपला वाचायची संधी दिली आहे. म्हणजे मी चुकले नव्हते, काळाच्या पुढे होते, असं भाच्याचं म्हणणं. त्याला बक्षीस मिळणार नाही.)

मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "मला माहीत होतं ताई. पण तेव्हा मध्ये बोललो असतो तर तुमचा मूड गेला असता."

मला तेव्हा त्या अभिनेत्रीच्या शेजारी बसलेले लोक आठवले. ती कागद चाळत असताना त्यांच्यापैकी कोणी भुवई उंचावली नव्हती. एकाने पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला होता. तो मी तेव्हाही पाहिला होता, पण मोजला नव्हता.

या खोक्याचं परीक्षण त्या कॉमेंटपासून वेगळं काढता येत नाही ते यामुळे. हा खेळ गेल्या काही वर्षांत प्रसिद्ध माणसांमुळे घराघरांत गेला, आणि तितक्याच वेगाने त्या माणसांवर तोंडसुख घेणं हाही एक खेळ झाला. त्याचे मला तरी तीन संघ दिसतात. पहिला संघ ताऱ्याच्या चाहत्यांचा: एवढा देखणा नट आणि तळघरात बसून फासे काय टाकतो. जो मँगनिएलो या नटाच्या घरी खरंच तसं तळघर होतं, या खेळाच्या जनकांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सच्या नावाचं, आणि तिथे गिटारवादक टॉम मोरेलो, नट विन्स व्हॉन यांच्यासारखे लोक खेळायला बसले आहेत. दुसरा संघ जुन्या खेळाडूंचा: हे सगळं प्रसिद्धीसाठी, आता फॅशन आहे म्हणून. त्यांना नट व्हिन डीझेल दाखवावा. त्याने या खेळाला तीस वर्षं झाली म्हणून निघालेल्या पुस्तकाला २००४ मध्ये प्रस्तावना लिहिली, तेव्हा फॅशन सोडा, हे खेळतो म्हणून सांगणंही नटाला परवडणारं नव्हतं. अभिनेत्री जुडी डेंचला हा खेळ आपण शिकवला असंही तो सांगतो. अमेरिकन टीव्हीवरचा विनोदवीर स्टीफन कोल्बेअर लहानपणापासूनचा खेळाडू, २०१९ मध्ये रेड नोज डेच्या मदतनिधीसाठी मॅथ्यू मर्सर या नावाजलेल्या डंजन मास्टरबरोबर डाव खेळला. पण या दोन्ही संघांना पुरावा नको असतो. एकाला तारा खेळापेक्षा मोठा वाटतो, दुसऱ्याला खेळ ताऱ्यापेक्षा मोठा वाटतो, आणि शिव्या दोघांच्या सारख्याच.

तिसरा संघ माझा. आम्हाला तारे खेळले तर आनंदच, फक्त त्यांनी आम्हाला हवं तसं खेळायचं. नियम चुकला, पाळी लांबली, पात्राने मूर्खपणा केला की आम्ही हजर. क्रिटिकल रोल, म्हणजे मर्सर आणि त्याच्या आवाज देणाऱ्या कलाकार मित्रांचा नेटवर दाखवला जाणारा डाव, मार्च २०१५ मध्ये सुरू झालं, एकेक भाग तीन-चार तासांचा. इतक्या तासांत कोणाचंही काहीतरी चुकणारच. त्यातल्या मरीशा रेच्या किलेथ या पात्राने हजार फुटांच्या कड्यावरून उडी मारली आणि खाली पाण्यात पडायचं म्हणून जादूने गोल्डफिश झाली. खाली खडक निघाले. टेबलावरच्या लोकांनी त्याची वर्षानुवर्षं पुरणारी थट्टा केली, ती मायेची. बाहेरच्यांनी त्याच पात्रावरून तिला जे ऐकवलं ते मायेचं नव्हतं, आणि त्याबद्दल ती उघडपणे बोललीही आहे. शेजारी बसलेल्या पुरुषांच्या चुका कोणी इतक्या मन लावून मोजल्या नाहीत. मीही नाही. माझी जुनी शेरेबाजी काढून बघितली, अकरा तिखट ओळी सापडल्या, नऊ बायकांवर. हिशेब तपासणीच्या बाईला हा ताळेबंद स्वतःचाच काढावा लागला.

आणि हे फक्त बोलण्यावर थांबत नाही. ज्या वाहिनीवर क्रिटिकल रोल सुरू झालं ती काढणाऱ्या फेलिशिया डे या अभिनेत्रीने २०१४ मध्ये, व्हिडिओ गेमच्या जगातल्या 'गेमरगेट' नावाच्या ऑनलाइन मारामारीच्या दिवसांत, मला भीती वाटते एवढंच लिहिलं, आणि तासाभरात तिचा पत्ता उघड्यावर टाकला गेला. माझी ओळ त्या जातीची नव्हती असं मला म्हणायला आवडेल. पण गर्दी तीच होती.

असो, खोक्याकडे वळते, नाहीतर हे परीक्षण राहणार नाही.

दुसऱ्या रविवारी गॉब्लिनांची गुहा. हा भाग उत्तम लिहिलाय. दारात साखळीने बांधलेले लांडगे, वर पूल, पुलावर पहारेकरी, आणि बेसावध राहिलात तर वरचं पाणी सोडून देतात आणि सगळे वाहत बाहेर. भाच्याने पूल नीट पाहिला म्हणून वाचले. यीमिक नावाचा गॉब्लिन कैद्याला कड्याच्या टोकावर धरून सौदा करायला बघतो: मला सरदार करा, याला घ्या. माझ्या नवऱ्याने त्याच्याशी वीस मिनिटं घासाघीस केली. नियमांच्या पुस्तकात घासाघिशीवर जेमतेम काही आहे, साहसाच्या पुस्तकात थोडीशीच वाक्यं. तरी त्या वीस मिनिटांत एकही फासा पडला नाही आणि कोणाला त्याची आठवणही झाली नाही.

नकाशांबद्दल मात्र तक्रार आहे. सगळे नकाशे मास्टरच्या पुस्तकात, सापळे आणि गुप्त वाटा दाखवलेले. खेळणाऱ्यांना दाखवायचा कोरा नकाशा एकही नाही. मी ऑफिसातल्या खराब झालेल्या कागदांच्या पाठीवर गुहा काढली, एका बाजूला गुहा, दुसऱ्या बाजूला कोणाचातरी घसारा. दोन कोरे नकाशे घालायला त्या रिकाम्या खोक्यात जागा भरपूर होती.

गुहेचा सरदार क्लार्ग, बगबेअर जातीचा, म्हणजे गॉब्लिनांचा धिप्पाड भाऊबंद. तो स्वतःला मोठा सेनापती समजतो आणि स्वतःबद्दल बोलताना "क्लार्ग असं म्हणतो, क्लार्गला हे चालणार नाही" असं बोलतो. आता इथे आवाज काढणं आलं. भाचा आधीच म्हणाला होता, "मॅथ्यू मर्सर प्रत्येकाचा वेगळा आवाज काढतो." अरे बाबा, तो माणूस आवाजावर पोट भरतो, मी जीएसटीवर. घरोघरच्या मास्टरांच्या डोक्यावर मर्सरची ही टांगती तलवार आहे, तिला नावही पडलंय, मर्सर इफेक्ट. तरी मी काढला. घसा बसला, सोमवारी ऑफिसात कुजबुजत बोलले. पण क्लार्ग मेला तेव्हा भाच्याला वाईट वाटलं, हे माझं प्रमाणपत्र.

भाच्याने माझ्या नकळत तो आवाज फोनवर घेतला होता. "मावशी, टाकू का ऑनलाइन? भारी आहे." मी नको म्हटलं. त्याला वाटलं मी लाजतेय. खरं म्हणजे त्याखाली काय लिहून येईल ते मला शब्दशः माहीत होतं: आवाज बरा आहे, पण बाईंना नियम येत नाहीत.

डेबोरा अॅन वोल या अभिनेत्रीची एक क्लिप मी त्याऐवजी त्याला दाखवली. जॉन बर्नथल या नटाच्या पॉडकास्टवर ती त्या नटाला हा खेळ काय असतो ते सांगते. त्याला काही माहीत नसतं. ती व्याख्या करत बसत नाही, त्याला सरळ एका प्रसंगात उभं करते आणि विचारते, तू काय करशील. दांडगा माणूस, पण हळूहळू पुढे सरकत जातो, डोळे मोठे होतात. माझ्या बहिणीने "चुलत की मावस" विचारलं तेव्हा तिचा चेहरा तसाच होता. पूर्वी मी ही क्लिप बघितली असती तर नियम कुठला वगळला ते आधी शोधलं असतं.

आता घ्यायचा की नाही. चौघं-पाचजण आठवड्याला तीन तास देणार असतील आणि एकजण चुका करायला तयार असेल, तर डोळे मिटून घ्या. फॅन्डेल्वरची गोष्ट आमच्या हिशेबाने चार-पाच महिने सहज जाईल. हा जुना खोका मिळाला नाही तर २०२२ चा 'ड्रॅगन्स ऑफ स्टॉर्मरेक आयल' आहे, २०२५ चा 'हीरोज ऑफ द बॉर्डरलँड्स' आहे. मी ते चालवलेले नाहीत म्हणून त्यांच्यावर बोलत नाही. (हे वाक्य लिहायला मला किती वर्षं लागली ते माझी मला माहीत.) एकट्याने वाचून मजा घ्यायची असेल तर हा खोका नको. नियम पाठ होतील, आणि नुसते पाठ झालेले नियम काय करतात ते वर सांगितलंय.

ती जुनी कॉमेंट मी काढून टाकली. चारशे लोकांना ती आवडली होती, त्यांना काही कळलं नसणार.

तिसऱ्या रविवारी फॅन्डालिन गाव सुरू होतंय. मी आठ बाजूंचे आणखी चार फासे आणून ठेवलेत. जादूगाराला सांगितलंय, या वेळी पाचही एकदम टाकायचे.